विश्लेषण : रोटरी इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना ऑइल चेंबर इतके महत्त्वाचे का?

स्पीडब्रेकरवर गाडीचा तळ घासला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'चेंबर लागले का?' इंजिनाच्या तळाशी असलेले तेलाचे भांडे म्हणजे ऑइल चेंबर. एरवी त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मात्र अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान येथे गाडीतील मूळ इंजिन काढून त्या जागी माझदाचे रोटरी इंजिन बसवणाऱ्या हौशी मंडळींचे काम अनेकदा याच भांड्यापाशी अडते. मूळ चेंबर नव्या गाडीत मावत नाही. मग आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीने न बनवलेले चेंबर बसवावे लागते. ते चुकीचे बसले तर इंजिनच गमावण्याची वेळ येते. असे का, हे समजून घेऊ.

रोटरी इंजिन म्हणजे काय?

आपल्याकडे माझदा म्हटले की अनेकांना स्वराज माझदाच्या बस आणि मिनी ट्रक आठवतात. जगभरातील गाडीप्रेमींना मात्र ही कंपनी रोटरी इंजिनासाठी माहीत आहे. जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवर आधारलेल्या या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन नसतात. त्याऐवजी फुगीर त्रिकोणासारखा रोटर एका लंबगोल घरात फिरतो. माझदाने १९६७ मध्ये दोन रोटरची 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आणली. १९७८ पासून 'आरएक्स-७' गाजली. १९९१ मध्ये चार रोटरच्या '७८७बी'ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

इंजिन बदलाच्या कामात सर्वाधिक नाव घेतले जाते ते '१३बी' या इंजिनाचे. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर, म्हणजे एकूण १३०८ सीसी. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये, दोन टर्बोंच्या जोडीने, याच इंजिनाने २८० पीएसपर्यंत ताकद दिली. आकार लहान आणि ताकद भरपूर, त्यामुळे 'एमएक्स-५'सारख्या छोट्या गाड्यांतही ते बसवले जाते.

मूळ चेंबर का चालत नाही?

आरएक्स-७ चे चेंबर आरएक्स-७ च्या सांगाड्यासाठी बनलेले आहे. दुसऱ्या गाडीत पुढच्या चाकांमधला आडवा क्रॉस मेंबर, स्टिअरिंग रॅक किंवा स्टिअरिंगचे रॉड नेमके चेंबरच्या खोल भागाच्या आड येतात. इंजिन वर उचलावे तर बॉनेट बंद होत नाही, मागे सरकवावे तर गिअरबॉक्सला जागा उरत नाही. मग ज्याचा खोलगट भाग पुढे, मागे किंवा बाजूला आहे असे चेंबर शोधावे लागते, नाहीतर बनवून घ्यावे लागते. उथळ चेंबर घेतले तर तेल कमी मावते. म्हणून अशी चेंबर बाजूंनी रुंद करून ती तूट भरून काढली जाते.

रोटरी इंजिनात तेलाचे काम वेगळे कसे?

तेल वंगण देते, हे सगळ्यांना माहीत असते. रोटरीमध्ये ते त्याहून मोठे काम करते. इंजिनाच्या बाहेरच्या घरांमधून पाणी फिरते, पण ते फिरत्या रोटरपर्यंत पोहोचत नाही. रोटर आतून पोकळ असतात आणि मधल्या शाफ्टमधून त्यांच्यात तेलाचे फवारे सोडले जातात. म्हणजे रोटर थंड ठेवण्याची जबाबदारी तेलावर आहे. शिवाय रोटरच्या टोकांवरील सील घासू नयेत म्हणून थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडून जाळले जाते. तेलाची पातळी हळूहळू उतरणे हा इथे बिघाड नसून रचनेचाच भाग आहे.

आता लांब वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला गेले आणि पंपाने क्षणभर हवा ओढली तर काय होईल? दाब पडतो, बेअरिंग कोरडी पडतात आणि त्याच क्षणी रोटरचा थंडावाही कमी होतो. म्हणून चांगल्या आफ्टरमार्केट चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप-दारे असतात. तेल पिकअप नळीकडे येऊ शकते, तिथून सहज निसटत नाही.

गळती इतकी का होते?

नेहमीच्या पिस्टन इंजिनात चेंबर बहुधा एकाच सलग ब्लॉकखाली बसते. १३बी इंजिन मात्र सँडविचसारखे थरांचे असते. पुढचे कव्हर, तीन बिडाच्या प्लेट आणि त्यांच्यामध्ये दोन ॲल्युमिनियमची रोटर हाऊसिंग. म्हणजे चेंबरची कड सहा वेगळ्या तुकड्यांवर आणि त्यांच्या पाच सांध्यांवर टेकते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापले आणि निवले की हे सांधे किंचित हलतात. पातळ पत्र्याच्या मूळ चेंबरची कड या हालचालीत वाकते आणि तेल पाझरू लागते.

जाड कडेचे ॲल्युमिनियम चेंबर इथे उपयोगी पडते. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची कडही वाकडी होऊ शकते. म्हणून वेल्डिंगनंतर कड मशीनवर सपाट केली आहे का, हे सपाट काचेवर ठेवून तपासले जाते. दुसरा तोटा असा की दगड लागला तर पत्र्याला पोचा पडतो, ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो.

बसवताना नेमके काय पाहतात?

• जागा : रिकामे इंजिन गिअरबॉक्ससह गाडीत बसवून पाहतात. चेंबर आणि क्रॉस मेंबरमध्ये मातीचा गोळा दाबून अंतर मोजतात. रबरी माउंटवर इंजिन हलते, त्यामुळे नुसते 'लागत नाही' एवढे पुरत नाही.

• पिकअप नळी : नळीचे तोंड आणि चेंबरचा तळ यांत साधारण ६ ते १० मिलिमीटर अंतर राखतात. कमी असेल तर तेल ओढले जात नाही, जास्त असेल तर हवा ओढली जाते. चेंबरची खोली बदलली की नळीही बदलावी लागते. नळीच्या जोडाचे पॅकिंग गळके असेल तरी पंप हवाच ओढतो.

• टर्बोचे तेल : टर्बोमधून तेल केवळ उतारावर परत येते. त्याची नळी चेंबरमध्ये सोडायची असेल तर तिचे तोंड तेलाच्या पातळीच्या वर हवे.

• सिलिकॉन : जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून कड तेलमुक्त करतात. नवा थर पातळ आणि अखंड देतात, बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने नेतात. जास्त सिलिकॉन आत सांडले तर त्याचे तुकडे सुटून पिकअपच्या जाळीत अडकतात.

• बोल्ट : ते लहान असतात आणि ॲल्युमिनियममधले आटे लवकर जातात. मध्यापासून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क रेंचने आवळतात.

हे काम इंजिन स्टँडवर उलटे ठेवून केले तर सोपे जाते. सिलिकॉन वाळायला पुरेसा वेळ, शक्यतो एक दिवस, देऊन मगच तेल ओततात.

सुरू करण्यापूर्वीची शेवटची चूक कोणती?

जुन्या डिपस्टिकवर विश्वास ठेवणे. चेंबरचा आकार बदलला की तिच्यावरील खुणा निरर्थक होतात. मोजून तेल ओतून नव्या खुणा कराव्या लागतात. त्यानंतर इंधन आणि स्पार्क बंद ठेवून केवळ स्टार्टर फिरवतात. मीटरवर तेलाचा दाब दिसल्याशिवाय इंजिन सुरू करत नाहीत. पहिल्यांदा इंजिन तापून निवल्यावर सगळ्या सांध्यांवर पुन्हा नजर टाकतात. एक्झॉस्ट याच भागाच्या जवळून जातो. त्यावर तेल ठिबकले तर धूर होतो, प्रसंगी आगही लागू शकते.

भारतात असे करता येते का?

माझदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे हे इंजिन इथे दुर्मीळच. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदी उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीत वेगळ्या जातीचे इंजिन बसवणे म्हणजे थेट कायद्याशी गाठ.

मग एका भांड्याची एवढी काळजी कशाला?

आरएक्स-७ चे उत्पादन २००२ मध्ये आणि रोटरी इंजिनाच्याच 'आरएक्स-८'चे २०१२ मध्ये थांबले. २०२३ मध्ये माझदाने 'एमएक्स-३०' गाडीतून रोटरी परत आणले, पण ८३० सीसीचे ते एका रोटरचे इंजिन चाके फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज बनवते. म्हणजे आज दुसऱ्या गाडीत बसणारे १३बी इंजिन अनेकदा वीस-तीस वर्षे जुने असते आणि खराब झाले तर तसे दुसरे मिळणे वर्षागणिक कठीण होत आहे. टर्बो आणि ताकदीच्या आकड्यांवर चर्चा खूप होते. ते इंजिन टिकणार की नाही, हे मात्र पिकअपखालच्या त्या काही मिलिमीटरवर आणि कडेच्या पातळ सिलिकॉनवर ठरते.