सुप्याचे उतारे संगणकावर आले, पण मान अवघडली!

जोयडा : सुपा म्हटले की धरण आठवते. काळी नदीच्या पाण्यात जुने सुपा गाव गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. कागदपत्रांचा व्यापही वाढला. पुढे ‘भूमी’ योजनेत उतारे संगणकावर आले आणि आता ग्रामपंचायतीपासून ग्राम वन केंद्रापर्यंत सगळीकडे कुणीतरी दिवसभर कीबोर्ड बडवत असतो. संध्याकाळी मान धरते, मनगट दुखते. दोष वयाला दिला जातो. खरा घोळ बहुतेकदा टेबलाच्या उंचीत असतो.

साधे ऑफिसचे टेबल २९ ते ३० इंच उंच. ते लिहिण्यासाठी बनलेले. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक साधारण १६-१७ इंच. पाच फूट दोन इंच उंचीची व्यक्ती तिच्यावर बसली, तर कोपर जमिनीपासून २५-२६ इंचांवर येते. म्हणजे कीबोर्ड चार इंच वर! मग खांदे उचलून टाईप करावे लागते, तेही आठ तास.

टेबल कापता येत नाही, खुर्ची उंच करता येते. बैठकीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवा. खांदे सैल सोडल्यावर कोपर कीबोर्डच्या पातळीत आले की झाले. आता पाय लोंबकळतील. त्यासाठी घरातला पाट पायाखाली घ्या. हा पाट बरेच जण विसरतात आणि मग मांड्या बधिर होतात.

स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. लॅपटॉप असेल तर तो जुन्या रजिस्टरांवर चढवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे जोडा. नाहीतर मान आणि हात यांपैकी एकाला त्रास ठरलेलाच.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे कागद. अर्ज टेबलावर डावीकडे आडवा पडलेला, आणि मान शंभरदा तिकडे खाली वळते. पॅडला क्लिपने कागद लावून तो स्क्रीनशेजारी उभा करा. एवढ्यानेच निम्मा त्रास कमी झाला तरी नवल नाही.

खिडकी पाठीमागे नको, बाजूला असावी. पावसाळ्यात भरदिवसा अंधारते, तेव्हा स्क्रीनचा उजेड कमी करून खोलीतला दिवा लावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा. केंद्रात रांग असेल तर दोन अर्जांच्या मध्ये उठून पाठ सरळ करा; रांगेतला माणूस तेवढा थांबतो. मुंग्या येणे, पकड सैल होणे सुरू झाले असेल तर मात्र उशी-पाटावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.