तसबिरीचा घोटाळा, कानांसाठीं

गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संशयकल्लोळ' हें संगीत नाटक गंधर्व नाटक मंडळीनें १९१६ सालीं रंगभूमीवर आणलें. त्याच्या पूर्वीच्या गद्य रूपाचें नांवच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' असें होतें. आणि हें नाटक नभोवाणीवर आणूं पाहणाऱ्याची अडचण त्या नांवांतच आहे. तसबीर दिसते, ऐकूं येत नाहीं.

भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, तें कृत्तिका पाहते. तिच्या हातीं अश्विनशेटची तसबीर लागते, तें फाल्गुनराव पाहतो. पात्रांना अर्धेंच दिसतें, प्रेक्षकांना सारें. म्हणूनच हंशा पिकतो. श्रोताही पात्रांइतकाच अंधारांत राहिला, तर विनोद जाऊन नुसता गोंधळ उरेल.

यास्तव श्रुतिकाकारानें सत्य प्रथम श्रोत्याच्या कानीं घालावें. तसबीर कोणाची, हें मूर्च्छेपूर्वीं रेवतीच्या तोंडून सहज निघावें. मग ती पडल्याचा आवाज, कृत्तिकेचें पुटपुटणें, आणि शेवटीं जवळ येणारीं फाल्गुनरावाचीं पावलें. रंगभूमीवर स्वगत शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवावें लागतें. ध्वनिक्षेपकाजवळ तेंच खरी कुजबुज होतें. पात्रांचीं नांवें वारंवार कानीं पडावीं, कारण न बोलणारें पात्र श्रोत्याच्या लेखीं तेथें नसतेंच. कृत्तिका पतीचें नांव घेणार नाहीं. तें काम नोकर भादव्याकडे द्यावें.

वेळेअभावीं कांहीं पदें गाळावीं लागतील. मात्र संशयाचें कारण गाळूं नये. तें ऐकूं आलें, कीं तसबीर न पाहतांही श्रोता हंसतो.