वनरक्षकाचा निरोप आणि आपली पंचाची सही



वनरक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातले गार्डसाहेब, वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होतात. गाव शाल-श्रीफळ देते, चार जण भाषण करतात. रीत चांगलीच आहे. पण या माणसाने नोकरीभर नेमके काय राखले, असे विचारले तर आपल्याला धड सांगता येत नाही. म्हणून हा थोडा खुलासा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ बंदुकीचा बार नव्हे. फास लावणे, सापळा मांडणे, विष घालणे, नुसता तसा प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच. बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. ‘फास डुकरासाठी लावला होता’ म्हणून भागत नाही. परवानगीवाचून डुक्कर मारणे हाही गुन्हाच. मात्र अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही.

आता आपल्या उसाकडे या. उसात बिबट्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते, वस्तीवरची कुत्री मिळतात. मादी फडातच विते. जुन्नर भागात 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले, तेव्हा घरोघरी भीती होती, आणि ती खोटी नव्हती. अशा वेळी चिडलेला जमाव आणि जनावर यांच्या मधे उभे राहावे लागते ते गार्डलाच. तोडणीत पिल्ले सापडली, तर आईने रात्री येऊन न्यावीत म्हणून ती त्याच जागी ठेवून राखणही तोच करतो. शेळी-वासरू गेले तर भरपाईच्या पंचनाम्यालाही त्यालाच धावावे लागते.

गुन्हा घडला की तो झडती घेतो, फास नि कातडे जप्त करतो, पंचनामा होतो. पण कोर्टात खटला उभा राहतो पंचांच्या साक्षीवर. आणि पंच कोण? तुम्ही-आम्हीच. ‘भावकीतला आहे, जाऊ द्या’ म्हणून पंच फिरला, की त्या माणसाची रात्रंदिवसाची मेहनत पाण्यात जाते.

तेव्हा गार्डसाहेबांना निरोप द्यायचा तर शाल जरूर द्यावी. त्याआधी आपल्या बांधावरचा फास काढावा, आणि पंच म्हणून सही केली असेल तर तारखेला कोर्टात हजर राहून पाहिले तेवढे खरे सांगावे. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या पोरालाही त्याचाच आधार होईल.