रानमधाची राख

पैनगंगेकाठचा किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेने त्याचे दप्तर नांदेडास आले. या मुलखातील कोलाम, गोंड, आंध मंडळी साग, ऐन, मोह, पळसाच्या रानातून आग्या मोहोळाचा मध उतरवीत आली, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने मध गौण वनोपजांत गणून त्यावरील त्यांची मालकीही मान्य केली. मालकी ठरली, तरी मालाची प्रत ठरवायची कशी, हा प्रश्न उरतोच. कारण पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवून पाहणे किंवा कुत्र्यापुढे बोट धरणे या बाजारी कसोट्यांनी गिऱ्हाइकाची करमणूक होते, निवाडा होत नाही.

प्रयोगशाळेत पाच-दहा ग्रॅम मध मुशीत करपवून सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळला, म्हणजे सेंद्रिय भाग उडून जातो आणि चिमूटभर राख उरते. तिच्यात पोटॅशियम सर्वांत अधिक, आणि सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, मँगॅनीज अल्प प्रमाणात आढळतात. भारतीय मानकाप्रमाणे ही राख 0.5 टक्क्याहून अधिक असता कामा नये. क्षार विद्राव्य असल्याने मधाच्या द्रावणाची विद्युत्‌वाहकता मोजूनही त्यांचा अदमास लागतो. गडद मधात क्षार बहुधा अधिक, फिकट मधात कमी. म्हणून ही संख्या फुलोऱ्याची आणि भूमीची साक्ष देते. पण ती साक्ष भाबडेपणाने घेऊ नये. पोळे पिळून काढलेल्या मधात पराग उतरतात, परागांत क्षार विपुल असतात, आणि गाळण्याच्या हयगयीमुळे चढलेला आकडा ‘खनिजसमृद्ध’ म्हणून बाटलीवर मिरवतो. वस्तुतः 0.2 टक्के राखेच्या मधाच्या सात ग्रॅमच्या चमच्यातून अवघे 14 मिलिग्रॅम क्षार पोटात जातात. तेवढ्यासाठी कोणी मध खाऊ नये, चवीसाठी खावा.

गुणवत्तेचा खरा जाब पाण्याला विचारावा लागतो. मानकाची मर्यादा 20 टक्के; आग्या मोहोळाचा मध, विशेषतः दमट हवेत किंवा अपक्व काढलेला, ती सहज ओलांडतो आणि आंबतो. हे टाळण्यास कोणी तो कढवून आटवला, तर साखरेपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल नावाचे द्रव्य वाढते, ज्याची कमाल किलोमागे 80 मिलिग्रॅम आहे. शिवाय मधातील विकरे नष्ट होतात. म्हणजे एका परीक्षेत तगण्याची युक्ती दुसरीत उघडी पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली महिनोन्‌महिने ठेवलेला डबा चुलीवर न चढताही याच आरोपास पात्र होतो.

सह्याद्रीतील मधांची अशी छाननी पूर्वीच झाली आहे. फडके यांनी महाबळेश्वरच्या एकपुष्पी मधांचे पृथक्करण 1962 साली प्रसिद्ध केले. किनवटच्या मधाचा दाखला तयार करावयाचा, तर नमुना घेण्यापासून शिस्त हवी: पोळ्याचा मेण-झाकणे लागलेला पक्व भागच कापावा, अंडी-अळ्यांचा भाग सोडावा, मध न पिळता कापडातून निथळू द्यावा, आणि काचेच्या बरणीवर गाव, तारीख व त्या वेळचा फुलोरा नोंदवावा. या नोंदीवाचून प्रयोगशाळेने कितीही बिनचूक आकडे दिले, तरी ते कोणत्या रानाचे, हे सांगता येणार नाही.