गिरणगावाच्या इतिहासाची साधने

मुंबईतील पहिली कापडगिरणी केव्हा सुरू झाली, असा साधा प्रश्न घेऊन एखादा विद्यार्थी ग्रंथालयात गेला, तर एका ग्रंथात त्याला १८५४ हे साल आढळते आणि दुसऱ्यात १८५६. आणि दोन्ही ग्रंथकार जाणते असल्यामुळे कोणावर भरवसा ठेवावा, हे त्याला कळेनासे होते. वस्तुतः कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी उभारली ती १८५४ मध्ये, आणि प्रत्यक्ष उत्पादनाला आरंभ झाला तो १८५६ मध्ये. दोघांनी दोन निरनिराळ्या घटना नोंदल्या, एवढाच त्या तफावतीचा अर्थ. दोन साधने परस्परांशी जुळत नाहीत असे दिसताच एकाला खोटे ठरवून मोकळे होण्यापूर्वी प्रत्येकाने नेमके काय नोंदले आहे हे पाहणे, ही संशोधनातील पहिली शिस्त होय.

परळ-लालबागच्या कामगारजीवनावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम सूची हाती घ्यावी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची जी सूची अपार परिश्रमाने सिद्ध केली, तिच्या आधारे आपल्या विषयावर पूर्वसूरींनी काय लिहिले याचा अंदाज येतो. आणि त्या पूर्वसूरींच्या तळटीपा लक्षपूर्वक वाचल्या, की त्यांनी स्वतः कोणत्या कागदांचा आधार घेतला, याचा माग लागतो. मग १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादर येथील संदर्भ विभाग, टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील, १८२१ मध्ये स्थापन झालेला सरकारी दफ्तरखाना ही ठिकाणे गाठावीत. दफ्तरखान्यातील जुने कागद विषयवार लावलेले नसून खातेवार आणि सालवार बांधलेले असल्यामुळे, ‘गिरणी कामगारांविषयीचे कागद द्या’ एवढ्या मागणीने तेथे काम भागत नाही. त्या काळी तो कारभार सरकारच्या कोणत्या खात्याकडे होता, याची माहिती आधी करून घ्यावी लागते. आज पुष्कळ ग्रंथ आणि अहवाल संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. परंतु जे पडद्यावर आले नाही ते अस्तित्वातच नाही, अशी समजूत करून घेणे संशोधकाला परवडणारे नाही.

कागद मिळणे हे अर्धे काम. त्याची शहानिशा हे उरलेले अर्धे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगाराची निश्चित मुदत आणि अपघातात जखमी झालेल्यास मदत अशा मागण्यांचा अर्ज, साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांनिशी, सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे रुजू करण्यात आला. या एका प्रकरणाविषयी कमिशनचा अहवाल, गिरणीमालक संघाची कागदपत्रे आणि लोखंडे ज्याचे संपादक होते ते ‘दीनबंधु’ पत्र, अशी तीन प्रकारची साधने संभवतात. अहवालावर सरकारी मोहर असते म्हणून तो निःपक्षपाती ठरत नाही, आणि ‘दीनबंधु’ कामगारांच्या बाजूचे म्हणून त्यातील मजकूर त्याज्यही ठरत नाही. लिहिणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, कोणाच्या वाचनासाठी लिहिले, आणि वाचणाऱ्याने काय मान्य करावे अशी त्याची इच्छा होती, हे प्रश्न तिघांनाही सारख्याच कठोरपणे विचारले पाहिजेत.

हे प्रश्न न विचारता पुढे गेल्यास कसा घात होतो, हे त्याच काळातील आणखी एका प्रकारच्या लेखनावरून ध्यानी येते. हिंदी गिरण्यांतील मुलांच्या आणि स्त्रियांच्या हालांविषयी विलायतेत मोठ्या कळवळ्याने लिहिले-बोलले जात होते. परंतु मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा लँकेशायरच्या गिरणीमालकांना जाचू लागली होती आणि १८८१ च्या फॅक्टरी कायद्यामागे त्यांचा दबावही होता, हे लक्षात घेतल्यावाचून त्या कळवळ्याचे मोल ठरवता येत नाही. मात्र लिहिणाऱ्याचा हेतू स्वार्थाचा होता म्हणून त्याने वर्णिलेले हाल काल्पनिक ठरत नाहीत. हेतू ओळखणे आणि हकीकत पडताळणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि ती दोन्ही केलीच पाहिजेत.

लेखी कागदांचे आणखी एक वैगुण्य असे, की ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा शब्द त्यांत क्वचितच उमटतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाचा वृत्तान्त वृत्तपत्रांतून मिळेल. पण चाळीच्या खोलीत बाईने खानावळीचे डबे करून घर कसे चालवले, हे तिच्याच तोंडून ऐकले पाहिजे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींवर आधारलेला जो इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचे महत्त्व यातच आहे. स्मरणात सालांची सरमिसळ होते, म्हणून तारखांची खातरजमा छापील कागदावरून करावी. परंतु त्या तारखेचा घरावर काय परिणाम झाला, याला स्मरणासारखा दुसरा साक्षीदार नाही.

एवढे सारे करून जे हाती येईल, त्याचा ठावठिकाणा संशोधकाने ग्रंथाच्या पानापर्यंत आणि दफ्तराच्या खंडापर्यंत नोंदून ठेवावा. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले असल्याने तेथे जाऊन काही पडताळण्याची संधी आता फारशी उरलेली नाही. म्हणून आपले विधान पुढच्या अभ्यासकाला तपासता येईल, आणि चुकीचे ठरल्यास खोडता येईल, अशा रीतीने लिहिणे हेच त्या कामगारांशी इमान राखणे होय.