घारापुरीची तहान

मुंबई बंदरातील घारापुरी बेटाच्या लेण्यांस १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या गावांस समुद्राखालील तारेने वीज मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले! आधी पाषाणाची काळजी, मागाहून माणसाची, हा न्याय आम्हांस मान्य नाही. बेटावर नदी नाही. पावसाळ्यात साठविलेल्या पाण्यावरच उन्हाळा काढावयाचा. प्रवाशांवर चालणारा धंदा सोमवारी लेणी बंद म्हणून थांबतो, वादळी पावसात होड्या बंद म्हणून थांबतो. गोदाकाठच्या आम्हां नाशिककरांस ही विवंचना सहसा उमगत नाही. द्वारका चौकातून मुंबईस जाणाऱ्या प्रवाशांनी लेणी अवश्य पाहावी, पण त्या गावांतही डोकवावे. सरकारने तेथील पाण्याचा साठा वाढविण्याचे काम आता तरी अग्रक्रमाने हाती घ्यावे.