शीर्षकांचे क्रमांक आणि हरवलेले संदर्भ

मागच्या वेळी आपण स्टाइल्स पाहिल्या. आज प्रबंध लिहिणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार घेऊ. मजकुरात 'विभाग ३.२ पाहा' असं असतं, आणि तिथे गेलं की भलताच विषय निघतो.

असं का होतं? समजा, तिसऱ्या प्रकरणाआधी आपण एक नवं प्रकरण घातलं. जुनं ३.२ आता ४.२ झालं. शीर्षकाचा क्रमांक वर्डनं बदलला. पण मजकुरातला '३.२' हातानं टाइप केलेला असेल तर तो नुसता आकडा आहे, तो तसाच राहणार. वर्ड ही चूक दाखवत नाही. ती सापडते थेट परीक्षकाला.

म्हणून संदर्भाचा क्रमांक हातानं लिहायचा नाही. रेफरन्सेस टॅबवर क्रॉस-रेफरन्स आहे. तिथे 'हेडिंग' आणि मग 'हेडिंग नंबर' निवडायचं. वर्ड त्या शीर्षकावर एक लपलेली खूण, म्हणजे बुकमार्क, ठेवतो आणि आपल्या वाक्यात एक फील्ड. फील्ड म्हणजे त्या खुणेकडे दाखवणारं बोट समजा.

आता तीन दुखणी बघू.

पहिलं, क्रमांक जुनाच दिसतो. हे फील्ड आपण सांगेपर्यंत ताजं होत नाही. कंट्रोल-ए, मग एफ-९ दाबायचं. तळटीपांमध्ये मात्र वेगळं जाऊन हेच करावं लागतं.

दुसरं, क्रमांकाच्या जागी शून्य येतं. म्हणजे शीर्षकाला वर्डचा क्रमांकच नाही; तो कोणीतरी हातानं लिहिलाय. मल्टिलेव्हल लिस्टमध्ये प्रत्येक पातळी तिच्या हेडिंग स्टाइलला जोडायची आणि हाताचे आकडे खोडायचे.

तिसरं, 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड'. शीर्षक अख्खं पुसून नव्यानं टाइप केलं, की खूणही जाते. बोट उरतं, पण समोर कोणी नाही. इथे एफ-९ कितीही दाबा, उपयोग नाही. संदर्भ नव्यानं घालावा लागतो. म्हणून शीर्षक सुधारताना आतले शब्द बदलावेत, पूर्ण ओळ उडवू नये.

ही तिसरी चूक फील्ड ताजं केल्यावरच उघडी पडते. तेव्हा पीडीएफ करण्याआधी एकदा एफ-९, मग 'एरर!' हा शब्द शोधायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण छापून, बांधून झालेल्या प्रबंधात ते करता येत नाही.